गोदावरी आणि गिरणा: शिंपल्यांच्या डीएनएच्या प्रकल्प नोंदी

नाशिक जिल्ह्यातलं पाणी तीन दिशांना जातं. गोदावरी पूर्वेला, गिरणा सातमाळा डोंगराच्या उत्तरेकडून तापीला, आणि वैतरणा घाट उतरून अरबी समुद्राला. गोदावरी आणि वैतरणा तर त्र्यंबकच्या एकाच डोंगररांगेत उगम पावतात. या खोऱ्यांमधला गोड्या पाण्यातला मोठा शिंपला सगळीकडे सारखाच आहे, की डोंगर मध्ये आल्यामुळे त्यांच्यात फरक पडलाय, हे डीएनएवरून पाहायचं, असा एम.एस्सी.च्या मुलांसोबत घेतलेला हा प्रकल्प. पुस्तकात मिळतं ते इथे पुन्हा लिहीत नाही. छोट्या प्रयोगशाळेत हेच काम कुणाला करायचं असेल तर पैसे आणि वेळ कुठे जातो, तेवढं कळावं.

२ फेब्रुवारी

मार्कर, म्हणजे डीएनएतला कोणता भाग तुलनेला घ्यायचा, ते ठरवण्यापासून सुरुवात. विभागात आरएपीडीचे (डीएनएवर कुठेही बसणारे छोटे प्राइमर वापरून पट्टे काढायची जुनी पद्धत) प्राइमर पडून आहेत. प्राइमर म्हणजे डीएनएची नक्कल जिथून सुरू होते तो लहान तुकडा. "घरचे आहेत, वापरून टाका" असं एक मत होतं. मागच्या तुकडीनं काढून ठेवलेल्या डीएनएवर करून पाहिलं. आपल्या पीसीआर मशीनवर (डीएनएच्या हव्या त्या भागाच्या प्रती वाढवणारं यंत्र) सात पट्टे, शेजारच्या विभागातल्या मशीनवर त्याच डीएनएचे चार. तापमान चढण्या-उतरण्याचा वेग जरा बदलला की पट्टे बदलतात. असे पट्टे मोजून दोन नद्यांमधला फरक कसा सांगणार? प्राइमर परत कपाटात.

सुरुवात सीओआयपासून करायची असं ठरलं. मायटोकाँड्रियातला हा जीन. त्याचे सर्वत्र चालणारे प्राइमर १९९४ पासून वापरात आहेत, ६५८ अक्षरांचा तुकडा मिळतो, आणि जगातल्या कुणाच्याही नमुन्याशी तो जुळवून पाहता येतो. प्राइमरची जोडी मागवली, ७०० रुपयांच्या आसपास.

९ फेब्रुवारी, गंगापूर धरणाचं पाणलोट

पाणी उतरायला लागलंय, म्हणून हाच काळ चांगला. पावसाळ्यात इथे शिंपला शोधणं म्हणजे नुसती चिखलातली कसरत. मासेमारी करणारे तात्या सोबत आले. आम्ही काठावर वाकून बघत होतो, ते गुडघाभर पाण्यात उतरून तळपायानं गाळ चाचपत निघाले.

"सर, डोळ्यानं नाही सापडायचा. पायाला कड लागली की थांबायचं."

उथळ पाण्यात मात्र खूण दिसते: गाळावर बोटभर रुंद चर उमटलेला, आणि त्याच्या टोकाला अर्धा रुतून उभा शिंपला. चर ज्या बाजूला संपतो तिकडे शोधायचं. शिंपला एकदा धरला की तो कवच मिटतो, आणि पायाचं (ज्यानं तो गाळात रुततो तो मांसल अवयव) टोक आत घ्यायला उशीर झाला तर ते मध्येच चिमटलं जातं. ऊतीचा नमुना घ्यायला हीच वेळ बरी. कवच फोडावं लागत नाही. दोन कवचांमध्ये लाकडी पाचर घालून जेमतेम अर्धा सेंटिमीटर फट ठेवायची, पायाच्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापायचा, आणि शिंपला जिथून काढला तिथेच परत ठेवायचा. ठेवताना पायाकडचं टोक खाली हवं. आडवा टाकला तर त्याला पुन्हा रुतायला खूप वेळ लागतो.

कवचाच्या आकारावरून इथे दोन जाती दिसत होत्या: लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस आणि लॅमेलिडेन्स कोरियानस. मुलांनी तशी वर्गवारी करून नावंही लिहिली. माझा त्यावर फार विश्वास नाही. साचलेल्या पाण्यातलं कवच पातळ आणि पसरट, धारेतलं जाड आणि आटोपशीर, असा फरक एकाच जातीतही पडतो.

नांदूर मधमेश्वरला नमुने घेतलेले नाहीत. ते अभयारण्य आहे, रामसर स्थळ आहे, तिथे वनविभागाची लेखी परवानगी लागते. सुरुवातीलाच तो व्याप नको होता.

१२ फेब्रुवारी

नळीवर मार्कर पेननं लिहिलेले क्रमांक इथेनॉलमध्ये पुसले गेले. जवळजवळ निम्म्या नळ्या निनावी. सगळ्या वगळल्या, आणि तेवढे नमुने पुन्हा घ्यावे लागणार. उपाय जुनाच: कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहायचं आणि चिठ्ठी नळीत तुकड्यासोबत टाकायची. पेन्सिल इथेनॉलला दाद देत नाही.

दुसरी गोष्ट, शिंपल्याच्या मांसात पाणी फार. ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाकलं की मांसातलं पाणी त्यात उतरतं आणि इथेनॉल पातळ होतं. दुसऱ्या दिवशी ते ओतून नवं भरायचं. आमच्या पहिल्या नळ्यांमधलं बदललं गेलं नव्हतं. तुकडे मऊ झाले होते, आणि त्यांतून निघालेला डीएनए जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारा थर) एक पट्टा न दिसता वरपासून खालपर्यंत पसरलेला धूर दिसला.

शुद्ध इथेनॉलला परवाना लागतो, कागदपत्रांना वेळ जातो. प्रकल्प सुरू व्हायच्या आधीच ते काम करून ठेवा.

१ मार्च

चिकटा. या कामात सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो शिंपल्याच्या चिकट्यानं. हा बुळबुळीत पदार्थ म्हणजे मुख्यतः शर्करांच्या लांब साखळ्या. तो डीएनएबरोबरच खाली बसतो, आणि नंतर पीसीआरमधल्या एन्झाइमला काम करू देत नाही. साध्या फिनॉल पद्धतीनं नळीच्या तळाशी पांढऱ्या धाग्याऐवजी साबुदाण्याच्या पेजेसारखा गोळा जमला. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० चं गुणोत्तर (प्रथिनांची भेसळ दाखवणारं) १.८, म्हणजे उत्तम. सगळे खूश. शर्करांची भेसळ दाखवणारं २६०/२३० मात्र ०.६. ते २ च्या जवळ असायला हवं. तो आकडा कुणी पाहिलाच नव्हता.

शेवटी सीटॅब पद्धतीवर आलो: २ टक्के सीटॅब (चिकटा वेगळा करायला वापरतात ते साबणासारखं रसायन), १.४ मोलर मीठ, थोडं मर्कॅप्टोइथेनॉल (खिडक्या उघड्या ठेवा, वास दिवसभर जात नाही), प्रोटिनेज के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) टाकून ६० अंशांवर रात्रभर. नंतर क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४:१. यात मीठ जास्त असणं महत्त्वाचं. मीठ जास्त असलं की शर्करा डीएनएपासून वेगळ्या होतात आणि डीएनए सुटा निघतो. क्लोरोफॉर्मचा हात एकदा नाही, वरचा थर स्वच्छ दिसेपर्यंत फिरवायचा. मधला पांढरा थर पिपेटमध्ये चुकूनही ओढायचा नाही. थोडा डीएनए मागे राहिला तर राहू द्या.

तुकडा पायाचा किंवा कवच मिटणाऱ्या स्नायूचा असावा. मॅन्टलच्या (कवचाच्या आतून असलेला मांसाचा पडदा) कडेच्या तुकड्यात चिकटा कितीतरी जास्त.

१४ मार्च

पीसीआर कोरा. डीएनए जेलवर छान दिसतोय, पण उत्पादन नाही. मुलांनी वाढवून टाकला, तरीही नाही. वाढवल्यानं बाधा करणारा मालही वाढतो, म्हणून उलटं करायचं. एकास दहा पातळ केला आणि प्रत्येक नळीत थोडं बीएसए (बाधा करणारा माल धरून ठेवणारं प्रथिन) टाकलं. पट्टा आला. पातळ केलेला डीएनए चालतो, घट्ट चालत नाही, हे दिसलं की दोष एन्झाइमचा किंवा प्राइमरचा नाही, चिकट्याचा आहे असं समजावं.

काही नमुने तरीही कोरेच राहिले. मृदुकाय प्राण्यांमध्ये हे सर्वत्र चालणारे प्राइमर अनेकदा नीट बसत नाहीत. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांसाठी अक्षरं थोडी बदललेले प्राइमर उपलब्ध आहेत, ते मागवले. पहिल्यापासून तेच घेतले असते तर एक जोडी वाचली असती.

मध्ये एकदा देखभालीसाठी दिवसभर वीज बंद होती. मशीनला यूपीएस होता, फ्रीजरला नव्हता. डीएनएला काही झालं नाही, पण टॅक पॉलिमरेजची (पीसीआरमधलं एन्झाइम) एक नळी निकामी झाली. एन्झाइम आता लहान-लहान नळ्यांमध्ये विभागून, बर्फाच्या जेलपिशव्यांच्या मध्ये ठेवतो.

३० मार्च

अनुक्रम, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा वाचलेला क्रम, आले. एका बाजूनं वाचायला नमुन्यामागे साधारण ३५० रुपये, दोन्ही बाजूंनी दुप्पट. पैसे वाचवायला एकाच बाजूनं करू नका. सुरुवातीची आणि शेवटची चाळीस-पन्नास अक्षरं धूसर येतात, आणि ज्या एका अक्षरावर दोन नद्यांचा फरक ठरायचा ते नेमकं तिथेच निघतं.

मुलांमधली ऋतुजा घाबरून आली. "सर, सगळ्यांत स्टॉप कोडॉन येतायत. हा खरा जीन नाहीच बहुतेक."

स्टॉप कोडॉन म्हणजे प्रथिन बनवणं थांबवणारी तीन अक्षरं, चालत्या जीनच्या मध्येच ती यायला नकोत. सॉफ्टवेअरमध्ये प्रमाण जनुकीय संकेत निवडलेला होता. अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियात टीजीए ही तीन अक्षरं म्हणजे पूर्णविराम नाही, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. तक्ता क्रमांक ५ निवडला आणि सगळे स्टॉप गायब. तरीही ही तपासणी प्रत्येक अनुक्रमावर कराच. ५ निवडूनही स्टॉप राहिला, तर तुमच्या हातात केंद्रकात जाऊन पडलेली निकामी नक्कल किंवा वाचनातली चूक असू शकते.

८ एप्रिल

कवच पाहून केलेली वर्गवारी आणि डीएनए जुळत नाहीत. 'कोरियानस' म्हणून लिहिलेले बरेच नमुने 'मार्जिनॅलिस'च्या गटात जाऊन बसले. जेनबँकेत (अनुक्रमांचा सार्वजनिक संग्रह) शोधलं तर वरच्या दोन निकालांत अनुक्रम जवळजवळ एकच, पण जातींची नावं वेगवेगळी. ज्यानं जमा केला त्यानं कवच पाहून नाव दिलेलं असतं, आणि तिथेही आमच्यासारखाच घोळ झालेला असतो. पहिला निकाल आला म्हणून तेच नाव लिहायचं नाही. ज्याच्यासोबत कवचाचा फोटो आणि संग्रहालयातल्या नमुन्याचा क्रमांक आहे, त्याला जास्त वजन द्यायचं.

यातून एक काम स्वस्त झालं. दोन्ही गटांच्या अनुक्रमांत अशी एक जागा सापडली जिथे एक रिस्ट्रिक्शन एन्झाइम (ठरावीक अक्षरं दिसली तिथेच डीएनए कापणारं) एका गटाला कापतं आणि दुसऱ्याला कापत नाही. आता प्रत्येक नमुना वाचायला पाठवायची गरज नाही. पीसीआर करायचा, एन्झाइम लावायचं, दोन टक्के जेलवर बघायचं: एक पट्टा की दोन. अनुक्रम आधीच माहीत असलेल्या नमुन्यांवर आधी तपासून घ्या, आणि मिश्रणात ग्लिसरॉल ५ टक्क्यांच्या खाली ठेवा. नाहीतर एन्झाइम नको तिथेही कापतं, आणि तिसरा पट्टा पाहून नवीन जात सापडल्याचा आनंद होतो.

२० एप्रिल, चणकापूर आणि वैतरणा

गिरणेच्या बाजूला, कळवण तालुक्यात चणकापूर धरण. आदल्या दिवशी आवर्तन सुटलेलं, धरणाखालच्या पात्रात पाणी मांडीपर्यंत. तिथे काहीच मिळालं नाही. वरच्या अंगाला, उतरत्या पाण्याच्या काठावर भरपूर. निघण्यापूर्वी आवर्तनाच्या तारखा विचारून घ्या. जीपचं भाडं फुकट जातं.

वैतरणेला फक्त रिकामी कवचं. उन्हानं पांढरी पडलेल्या कवचांतून हाताशी असलेल्या साधनांनी डीएनए निघत नाही. वैतरणा आराखड्यातून काढली. नाइलाज.

६ मे

काही चणकापूर नमुन्यांच्या अनुक्रमांचे आलेख (प्रत्येक अक्षराला एक शिखर) विचित्र. एकाच जागी दोन शिखरं. आधी वाटलं नळ्यांची सरमिसळ झाली. पण खराब वाचनात दुहेरी शिखरं कुठेही येतात. इथे ती बहुतेक कोडॉनच्या (तीन अक्षरांचा गट) तिसऱ्या अक्षरावर होती, जिथे बदल झाला तरी प्रथिन सहसा तेच राहतं. म्हणजे धूळ नव्हती, दोन चालते जीन एकाच नळीत होते.

अनेक शिंपल्यांमध्ये मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येत नाहीत. नराला आईकडूनही मिळतात आणि बापाकडूनही. बापाकडच्या त्याच्या जननग्रंथीत असतात, बाकी शरीरात आईकडच्या. १९९० च्या दशकात हे आधी मिटिलस या समुद्री शिंपल्यात लक्षात आलं, नंतर गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांतही. दोन्हींमधला फरक एवढा मोठा असू शकतो की एकाच नराचे दोन तुकडे दोन वेगळ्या जातींचे वाटावेत. वही काढून पाहिली, तर हे नमुने ज्या संध्याकाळी घेतले तेव्हा अंधार पडत होता आणि पायाऐवजी आतला मऊ भाग कापला गेला होता. आमच्या शिंपल्यांत हेच घडतंय हे आम्ही सिद्ध केलेलं नाही. ते नमुने वगळले आणि आतल्या भागाला पुन्हा कात्री लावली नाही.

२४ मे

आता मूळ प्रश्न. गोदावरीचे आणि गिरणेचे शिंपले एकाच जातीचे आहेत असं धरलं, तर त्यांच्यातला फरक कसा दाखवायचा? मुलांना प्रत्येक ठिकाणचा एक 'गोदावरीचा अनुक्रम' आणि एक 'गिरणेचा अनुक्रम' हवा होता. तसं नसतं. एक पाटील भेटला म्हणून गाव ओळखता येत नाही. गावात पाटील किती, पवार किती, अहिरे किती, हे मोजावं लागतं. तेच आडनाव दोन्ही गावांत असणार, प्रमाण वेगळं. आमच्याकडे सर्वांत जास्त आढळणारा हॅप्लोटाइप (अक्षरांचा एक ठरावीक क्रम, इथलं आडनाव) दोन्ही खोऱ्यांत सापडला, आणि काही दुर्मीळ एकेकाच ठिकाणी. प्रत्येक ठिकाणचे पाच-सहा नमुने घेऊन 'दुर्मीळ' म्हणण्याला अर्थ नाही. ठिकाणी पंचवीस ते तीस तरी हवेत. आराखडा लिहितानाच हे ठरवायला हवं, कारण जीपचा खर्च एकदाच होतो.

दुपारी तात्यांना हॅप्लोटाइपचा आलेख दाखवला. त्यांनी नीट पाहिला आणि विचारलं, "पण सर, मासे तर इकडचे तिकडे जातात. बोटुकली एकाच गाडीतून येते. आधी इकडे टाकतात, मग चणकापूरला."

शिंपल्याच्या अळ्या माशांच्या कल्ल्यांना आणि परांना चिकटून वाढतात, काही काळानं सुटून गाळात पडतात. म्हणजे कटला-रोहूच्या बोटुकलीबरोबर (बोटाएवढी पिल्लं) शिंपलाही गाडीत बसून सातमाळा ओलांडू शकतो. मग दोन्हीकडे एकच हॅप्लोटाइप सापडला तर तो जुन्या काळातला समजायचा, की कालच्या गाडीतला? सीओआय यावर काही सांगत नाही. मासेमारीच्या ठेकेदारांकडून मत्स्यबीज कुठून आलं आणि कधी सोडलं याची नोंद घ्या. डीएनएपेक्षा ती आधी लागते.

१८ जून

अलीकडचे बदल पाहायला मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे तीच दोन-चार अक्षरं पुन्हापुन्हा येणारे डीएनएचे भाग, ज्यांची लांबी लवकर बदलते. दुसऱ्या शिंपल्यासाठी केलेल्या प्राइमरच्या जोड्या वापरून पाहिल्या. बहुतेक चालल्या नाहीत, थोड्याच कामाच्या निघाल्या. तीन गोष्टी लिहून ठेवतो.

अगारोज जेलवर दोन अक्षरांचा फरक दिसत नाही. ८ टक्के पॉलिअॅक्रिलामाइड आणि सिल्व्हर स्टेन केलं, तरी शेजारच्या दोन पट्ट्यांवरून वाद होत राहिले. शेवटी थोडे नमुने रंग लावलेल्या प्राइमरनं बाहेर पाठवले. प्रत्येक जोडीला वेगळा रंगीत प्राइमर घेऊ नका. साध्या प्राइमरच्या पुढे एम१३ ची (सगळ्यांना सारख्या, ठरलेल्या अक्षरांची) शेपटी जोडा आणि एकच रंगीत एम१३ प्राइमर सगळ्यांसोबत वापरा. खर्च निम्म्याहून खाली येतो.

दुसरं, एकाच जोडीच्या निकालात बरेच शिंपले एकाच पट्ट्याचे दिसले, म्हणजे दोन्ही प्रती सारख्या. अपेक्षेपेक्षा खूपच जास्त. तापमान थोडं उतरवून पुन्हा केलं, तर त्यांतल्या काहींमध्ये दुसरा पट्टा आला. प्राइमर ज्या प्रतीवर नीट बसत नाही ती प्रत दिसत नाही. शिंपल्यांमध्ये हे नेहमीचं आहे. अशी जोडी हिशोबात घेतली, तर ज्या शिंपल्यांच्या प्रती नजरेआड गेल्या त्यांच्यावर अंतःप्रजननाचा ठपका बसतो.

तिसरं, काही माद्यांच्या एका जागी तीन पट्टे. शिंपला द्विगुणित आहे, दोनच प्रती हव्यात. पाहिलं तर या ऊती कल्ल्याच्या होत्या. अंड्यांवर आलेली मादी अळ्या कल्ल्यांतच सांभाळते. तुकड्यात आई होती, सोबत तिची शेकडो पिल्लं, आणि तिसरा पट्टा त्यांच्या बापाचा. कल्ल्याचा एकही नमुना आता गणतीत नाही.

११ ऑगस्ट

आतापर्यंतचा खर्च ४० हजारांच्या पुढे. त्यात अनुक्रम वाचण्याचा वाटा सर्वांत मोठा, पण प्रवासाचा अंदाज सर्वांत जास्त चुकला. वाया गेलेल्या रकमेतली बहुतेक चुकीच्या ऊतींमुळे.

आज मुलांना नमुन्यांची वही नव्यानं आखून दिली. प्रत्येक शिंपल्यापुढे रकाने: ऊती कोणती (फक्त पाय), नर की मादी, अंड्यांवर आहे का, कवचाचा फोटो, जवळच्या पाण्यात शेवटची बोटुकली कधी सोडली. शेवटचा रकाना ठेकेदाराला विचारल्याशिवाय भरायचा नाही, आणि उत्तर न मिळाल्यास 'माहीत नाही' असं स्पष्ट लिहायचं, कोरा ठेवायचा नाही.

मत्स्यबीज कधीच सोडलेलं नाही अशी पाण्याची जागा हवी आहे. तात्यांच्या मेहुण्यानं कळवणच्या वरच्या अंगाला ओढ्यातले दोन डोह सांगितलेत, तिथे गाडी जात नाही. पाणी निवळलं की जाणार. गोदावरीच्या बाजूला अशी जागा अजून सापडलेली नाही. कुणाला माहीत असेल तर कळवा, पण आधी तिथल्या जुन्या माणसाला विचारा की पूर्वी कुणी मासे सोडले होते का.